एक नांदेडला, एक लातूरला

२०२३च्या सप्टेंबरनंतर मराठवाड्यात जेवढ्या ट्रंका उघडल्या गेल्या, तेवढ्या त्याआधीच्या कितीतरी वर्षांत उघडल्या नसतील. निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती निजामकाळातल्या कुणबी नोंदी धुंडाळायला बसली आणि तो शोध तहसिलांच्या अभिलेख कक्षांतून निघून बघता बघता घराघरांत शिरला. कुणाला पणजोबांचा शाळेचा दाखला हवा, कुणाला खासरा, कुणाला सेतवार. ज्या म्हाताऱ्या माणसांना उर्दू किंवा मोडी वाचता येते हे त्यांची नातवंडंही विसरली होती, त्यांच्या ओट्याखाली परक्या चपला दिसू लागल्या. आमच्याही घरी ट्रंक उघडली. नोंद निघाली की नाही, हा इथला विषय नव्हे.

अण्णा गेल्यापासून त्या ट्रंकेला कुणी हात लावला नव्हता. झाकण उचलताच डांबरगोळ्यांचा भपका आला. वर रेक्झिनची फाइल. तिच्यात खरेदीखतं, १९५४चं खासरा पाहणी पत्रक, सोसायटीच्या कर्जाच्या पावत्या, माईचं मॅट्रिकचं प्रमाणपत्र. त्याखाली फोटोंचे अल्बम, ज्यांची काळी पानं सुटी झालेली. आणि अगदी तळाशी, सुती फडक्यात बांधलेले काही उर्दू कागद. घडीच्या रेघांवर ते तुटायला आले होते. एक उलगडताना त्याचा तांदळाच्या कणीएवढा तुकडा माझ्या बोटाला चिकटून आला. त्यावर अर्धं अक्षर होतं. ते कुठल्या ओळीतलं, हे शोधायला मला उर्दू यायला हवी होती.

भाचा पुण्यात संगणकाच्या कामात आहे. फोनवर म्हणाला, "मामा, मोबाइलनं फोटो काढा अन् ड्राइव्हवर टाकून द्या. विषय संपला."

पोराचं काही चुकत नव्हतं. क्लाउड म्हणजे दुसऱ्याच्या घरात भाड्यानं घेतलेलं कपाट, आणि ते कपाट आमच्या ट्रंकेपेक्षा शंभरपट भक्कम असतं, हे मलाही कळतं. गूगल फोटोजनं १ जून २०२१पासून अमर्याद फुकट साठवण बंद केली तेव्हा लोकांनी खूप आरडाओरडा केला. मला त्यात गैर काही वाटलं नाही. जागा वापरली तर भाडं द्यावं. माझी अडचण निराळी होती. खातं एका माणसाचं असतं आणि ट्रंक घराची. अण्णांचंही एक ईमेल खातं होतं, बँकेनं मागितलं म्हणून काढलेलं. त्याचा पासवर्ड त्यांच्याबरोबर गेला. ट्रंकेची किल्ली मात्र देवघरातल्या खुंटीला होती, आणि ती तिथे आहे हे घरातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

तर मला हवी होती अशी एक गोष्ट, जी घरात राहील, घराची राहील, आणि जिची किल्ली खुंटीला टांगता येईल. अशा गोष्टीला नॅस म्हणतात हे भाच्यानंच सांगितलं. एक छोटा संगणक, ना स्क्रीन ना कीबोर्ड, पोटात एक, दोन किंवा चार हार्डडिस्क. राउटरला वायरनं जोडून ठेवायचा, चोवीस तास चालू. घरातला प्रत्येक मोबाइल त्याच्यात फोटो टाकतो, टीव्ही त्याच्यातून लग्नाची कॅसेट दाखवतो. आम्ही घरात त्याला डबाच म्हणू लागलो.

वजिराबादेतल्या दुकानदारानं पहिला प्रश्न टाकला, "किती टीबी सर?" मी त्याच्याकडे बघत राहिलो. घरात किती काय आहे हे कुणी कधी मोजलंय?

मोजायला बसलो तेव्हा गंमत कळली. ए-फोर आकाराचा एक कागद ३०० डीपीआयनं रंगीत स्कॅन केला तर कच्ची फाइल साधारण २६ एमबीची होते. ६०० डीपीआयनं केला तर त्याच्या चौपट, शंभरावर. म्हणजे ट्रंकेतला यच्चयावत कागद, अगदी सोसायटीच्या पावत्यांसकट, उत्तम दर्जानं स्कॅन करूनसुद्धा बोटाएवढ्या पेनड्राइव्हमध्ये मावतो. जमीन, वंश, शिक्षण, देणंघेणं, सगळं. मग टीबी जातात कुठे? ताईच्या लग्नाच्या व्हिडिओत. भाच्याच्या बारशात. माझ्या मोबाइलमधल्या त्या शेकडो चित्रफितींत, ज्यांत कुणीतरी केक कापतंय आणि कुणीतरी "अरे इकडं बघ" म्हणतंय. ज्याच्यासाठी डबा घ्यायचा त्याला जागाच लागत नाही, आणि ज्याला जागा लागते ते गेलं तर महिनाभर हळहळण्यापलीकडे काही होणार नाही. हे एकदा ध्यानात आलं आणि निम्मी खरेदी तिथेच झाली. मोठा डबा नको होता. पक्का हवा होता.

आमच्या भागात अशा डब्यांचं खरं ज्ञान संगणकाच्या दुकानात मिळत नाही, लग्नाचं शूटिंग करणाऱ्यांच्या स्टुडिओत मिळतं. लग्नसराईत एकेका रात्रीत शेकडो जीबी घरी आणणारी ही माणसं. माझ्या ओळखीच्या एकाच्या स्टुडिओत बुटांच्या खोक्यांत हार्डडिस्क उभ्या लावलेल्या असतात, प्रत्येकीवर कागदी पट्टी आणि मार्करनं लिहिलेलं: लोहा हळद, कंधार रिसेप्शन, देगलूर दोन दिवस. त्यानं मला एक मेलेली डिस्क लावून ऐकवली. टक्, थोडा वेळ, टक्, टक्. आतला हेड जागा शोधतो आणि न सापडल्यानं परत येतो, तो हा आवाज. "सर, मरणारच हे धरून चालायचं," तो म्हणाला, "कंपनी कोणती बी घ्या." मग त्या डिस्ककडे बोट करून म्हणाला, "हिच्यात एकाचं अख्खं लग्न गेलंय. त्याला अजून सांगितलं नाही."

डिस्क मरणारच हे गृहीत धरूनच दोन कप्प्यांचे डबे बनवलेले असतात. दोन्ही डिस्कवर एकाच वेळी तेच लिहायचं. एक गेली तर दुसरी काम चालू ठेवते, गेलेली काढून नवी घालायची. याला रेड म्हणतात. १९८८ साली कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठातल्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांनी एक निबंध मांडला. महागडी मोठी डिस्क एक घेण्यापेक्षा स्वस्त लहान डिस्क पुष्कळ घ्या आणि त्यातल्या काही मरतील हे आधीच हिशेबात धरा, असा त्याचा सूर. जोडडिस्कची युक्ती त्याच्याही आधीची, पण या साऱ्या तऱ्हांना नाव आणि क्रमांक मिळाले ते तिथे. गरिबाघरी चालेल असा विचार मोठ्या विद्यापीठातून आला, याचं मला अजून कौतुक वाटतं.

डिस्क निवडताना मात्र एक खोच आहे आणि ती खोक्यावर ठळक लिहिलेली नसते. काही डिस्कवर माहितीच्या पट्ट्या शेजारी शेजारी लिहिल्या जातात, काहींवर एकीची कड दुसरीवर चढवून, छपरावर कौलावर कौल बसवावं तशा. दुसऱ्या तऱ्हेत त्याच तबकडीवर जास्त मावतं, पण मधलं एक कौल बदलायचं तर पुढची सगळी ओळ उचलावी लागते. एकदा लिहून ठेवून द्यायचं तर चालतं; डब्यात एक डिस्क मरून दुसरीवरून सगळं नवीवर उतरवायची वेळ आली, की ही कौलारू डिस्क रडकुंडीला आणते. २०२० साली वेस्टर्न डिजिटलच्या नॅससाठीच म्हणून विकल्या जाणाऱ्या रेड (म्हणजे लाल, वरचं रेड नव्हे) मालिकेतल्या काही डिस्क अशा निघाल्या, गिऱ्हाइकांनी ते उघडकीला आणलं, आणि मग कंपनीनं साध्या पट्ट्यांच्या डिस्क रेड प्लस या वेगळ्या नावानं काढल्या. दुकानदाराला सीएमआर, म्हणजे साध्या पट्ट्यांची, आहे का एवढं विचारायचं. त्यानं खोका उलटसुलट करून "सगळं एकच असतंय सर" म्हटलं, तर दुसऱ्या दुकानात जायचं.

उन्हाळ्याचं मी फार मनावर घेतलं होतं. मे महिन्यात नांदेडचा पारा ४३-४४ वर जातो, आणि माळ्यावर त्याहून किती जास्त ते माळ्यावर चढणाऱ्यालाच ठाऊक. डिस्क बनवणारे साठ-पासष्ट अंशांपर्यंत चालेल म्हणतात, पण चालणं आणि टिकणं यांत फरक आहे. म्हणून माळा बाद, पत्र्याची खोली बाद. अखेर स्वयंपाकघराच्या पाठीमागच्या अंधाऱ्या खोलीत, धान्याच्या कोठ्यांजवळ जागा निघाली. जमिनीपासून हातभर वर, भिंतीपासून सुटा. माईनं दारातूनच विचारलं, "का करायलास रे तिथं?" मी सांगितलं. "रात्रंदिवस चालू ऱ्हाणार? इथं कूलरला लाइट पुरेना." दोन डिस्कचा डबा पंधरा-वीस वॅट खातो, महिन्याला अकरा ते चौदा युनिट. मी आकडा सांगितला. तिनं मान हलवली, पण ती पटल्याची नव्हती.

लाइटचा खरा प्रश्न बिलाचा नाहीच, येण्याजाण्याचा आहे. घरोघरी इन्व्हर्टर असतो आणि सगळ्यांना वाटतं की भागलं. लाइट जाऊन इन्व्हर्टर सुरू होतानाचा क्षणाचा झोका पंख्याला कळत नाही, संगणकाला कळतो. बऱ्याच इन्व्हर्टरांच्या पाठीमागे यूपीएस मोडचा एक छोटा खटका असतो, तो आमच्या गल्लीत कुणी दाबलेला मी पाहिला नाही. आणि तो दाबला तरी बॅटरी संपत आली हे डब्याला कोण सांगणार? त्यासाठी एक छोटा यूपीएस घेतला, यूएसबी वायरवाला. लाइट गेली आणि बॅटरी उतरू लागली की तो त्या वायरीतून डब्याला निरोप देतो आणि डबा आवराआवर करून स्वतःहून झोपतो. मला विचाराल तर डब्यापेक्षा ही वायर जास्त मोलाची.

इथवर सगळं ठीक होतं. दोन डिस्क, एक दुसरीची जोड, थंड खोली, यूपीएस. ताईला फोनवर मोठ्या उत्साहानं सांगितलं. ती लातूरला असते. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "दोन्ही एकाच डब्यात? अन् डबा एकाच घरात?" मग थांबून, "दाजीला विचार की."

दाजींचं मूळ गाव औसा तालुक्यात, किल्लारीच्या बाजूचं. १९९३च्या २९ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून थकलेली माणसं झोपली आणि ३० तारखेच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. नांदेडलाही मांडणीवरची भांडी वाजली होती. भूकंपाची तीव्रता ६.२, जगाच्या मानानं तो काही राक्षसी भूकंप नव्हता. माणसं मारली ती घरांनी. दगड मातीत रचून उभारलेल्या दोन-दोन, अडीच-अडीच फूट रुंदीच्या भिंती, त्यावर लाकडी तुळया आणि माळवद. पावसाळ्याआधी माळवदावर नव्यानं माती घालायची, दरवर्षी थर वाढायचा. त्या घरात उन्हाळा गार जायचा, चोराला भिंत फोडायला रात्र पुरायची नाही. घर जितकं जुनं आणि खानदानी, तितकी भिंत जाड. सरकारी हिशेबानं लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून आठ हजारांच्या आसपास माणसं गेली; लोक दहा हजार म्हणतात. बावन्न गावं पुरती बसली, ती दुसरीकडे वसवावी लागली.

त्या रात्री वाड्यात कोण कोण होतं हे दाजी सांगत नाहीत, आम्ही विचारत नाही. कागदांचं मात्र सांगतात. वाड्यात गोदरेजचं कपाट होतं, जाड पोलादी, आजोबांनी हैदराबादेहून आणलेलं. ते ढिगाऱ्यातून निघालं तेव्हा त्याचं दार दुमडलेलं होतं आणि वरून पडलेल्या पावसानं आतल्या कागदांचा लगदा झालेला. जमिनीचे कागद वाचले ते कपाटामुळे नाहीच. भावकीत बांधावरून दावा चालू होता, त्यामुळे एक पूर्ण संच लातूरच्या वकिलाच्या दप्तरात पडून होता. पुढे पुनर्वसनात, भरपाईत, वारसनोंदीत तोच संच कामाला आला. "भांडण होतं म्हणून वाचलो," दाजी म्हणतात, आणि हे ते हसत म्हणतात.

माझ्या दोन डिस्कचा विचार मी त्यानंतर निराळ्या नजरेनं केला. जोडडिस्क ही जाड भिंत आहे. एक डिस्क मेली तर ती उपयोगी; पण डबाच चोरीला गेला, विजेचा लोळ आला, छत गळलं, तर दोन्ही सोबतच जातात. चुकून एक फोल्डर पुसलं तर दुसरीवरूनही त्याच क्षणी पुसलं जातं, कारण तिला तेवढंच शिकवलेलं असतं: शेजारीण करते ते करायचं. पीटर क्रोग नावाच्या अमेरिकी छायाचित्रकारानं वीस-एक वर्षांपूर्वी यावर एक सोपा हिशेब लोकांच्या गळी उतरवला. तीन प्रती, दोन तऱ्हेच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. दाजींच्या वडिलांनी तो न वाचताच पाळला होता, तोही कोर्टाच्या खर्चानं.

म्हणून ठरलं. एक डबा नांदेडला, दुसरा लातूरला ताईकडे. नांदेडचा दोन कप्प्यांचा, लातूरचा एकाच डिस्कचा साधा. शिवाय एक सुटी हार्डडिस्क, वायर काढून, कपाटात. नांदेडला गोदावरीची भीती, २०२५च्या ऑगस्टमध्ये मुखेड तालुक्यात हसनाळ-रावणगावकडे पाण्यानं काय केलं ते सगळ्यांनी पाहिलं. हिंगोलीकडचे धक्केही आता ओळखीचे झालेत. २०२४ साली मार्चमध्ये आणि पुन्हा जुलैमध्ये पहाटे-सकाळी ४.५चे बसले तेव्हा आमची गल्ली रस्त्यावर होती. लातूरची भीती वेगळी. पण दोन्ही गावांवर एकाच रात्री संकट येईल, इतका वाईट विचार मी करत नाही.

लातूरचा डबा भरायचा कसा? घरातली फायबर वर चढवायला सेकंदाला चाळीस मेगाबिट देते. दोन टीबी चढवायला न थांबता साडेचार दिवस लागतील, आणि साडेचार दिवस न थांबणारी लाइन मला अजून भेटायची आहे. मी तो डबा आधी नांदेडलाच आणला, घरातल्या घरात वायरनं भरला, पिशवीत टॉवेलमध्ये गुंडाळला आणि लातूरची एसटी पकडली. लोहा, अहमदपूर, चाकूर. डबा मांडीवर. खिडकीशी बसून मोबाइलवर हिशेब केला तर चार तासांत दोन टीबी, म्हणजे सेकंदाला गिगाबिटाहून जास्त. एवढा वेग आमच्या गावात कुठलीही कंपनी देत नाही. कंडक्टरनं पिशवीकडे बघून विचारलं, "काय हाय?" मी म्हटलं, "कागदपत्रं." त्यानं सामानाचं तिकीट मागितलं नाही.

यात नवल वाटायचं कारण लातूरकरांना तरी नाही. २०१६च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडं पडलं तेव्हा लातूरला पाणी असंच आलं होतं, मिरजेहून रेल्वेनं. दहा वाघिणींची पहिली गाडी १२ एप्रिलला पहाटे पोचली, पाच लाख लिटर घेऊन. पुढे पन्नास वाघिणींची गाडी, पंचवीस लाख लिटरची, येऊ लागली. नळाला जेव्हा जमत नाही तेव्हा चाकावर घालून आणायचं. ताईच्या घरात अजूनही गच्चीवर दोन आणि न्हाणीत एक अशा तीन टाक्या आहेत, धरण भरलेलं असलं तरी. डबा कुठे ठेवायचा हे तिनं मला विचारलंसुद्धा नाही. जिन्याखालच्या कपाटात, पाण्याच्या वाटेपासून लांब, आधीच जागा करून ठेवली होती.

त्यानंतर रोज रात्री नांदेडचा डबा लातूरच्या डब्याला दिवसभरातलं नवं तेवढं पाठवतो. ते जमवायला जरा खटपट करावी लागली. आपल्याकडच्या बऱ्याच फायबरवाल्यांकडे घराला स्वतःचा सार्वजनिक पत्ता नसतो, अख्ख्या वस्तीला मिळून एक असतो, त्यामुळे बाहेरून थेट घरात येता येत नाही. आधी मी वैतागलो. मग २०२१ साल आठवलं. त्या एप्रिलमध्ये क्यूनॅप कंपनीच्या, इंटरनेटला उघडे असलेल्या डब्यांत क्यूलॉकर नावाची खंडणीची कीड शिरली आणि तिनं लोकांच्या फाइली कुलूपबंद करून पैसे मागितले. जूनमध्ये वेस्टर्न डिजिटलच्या माय बुक लाइव्ह या जुन्या डब्यांतली माहिती एका रात्रीत बाहेरून पुसली गेली; लोक सकाळी उठले तर डबे कोरे. मला मिळालेला नकार हे वरदान होतं. दोन्ही डबे टेलस्केलनं एकमेकांना जोडले, वायरगार्डवर चालणारी खाजगी वाट ती. बाकी जगासाठी दार नाही. शिवाय डबा रोज एक जुनं चित्र राखून ठेवतो, स्नॅपशॉट, म्हणजे कुणी काही पुसलं तरी कालचं काढता येतं. हे सोय म्हणून आधी वाचलं होतं. माईनं एकदा टीव्हीच्या रिमोटनं एक अल्बम उडवला, तेव्हा उपयोग कळला.

भाच्याचा आग्रह होता की तयार डबा घेऊच नका, जुन्या संगणकावर ट्रूनॅस टाका, फुकट आहे, झेडएफएस आहे, प्रत्येक फाइलची पडताळणी होते. त्याचं म्हणणं तांत्रिकदृष्ट्या माझ्यापेक्षा बरोबर होतं. तयार डबेवाल्या कंपन्यांचे नखरेही असतात. सिनॉलॉजीनं २०२५ साली आपल्या नव्या मोठ्या डब्यांत आपल्याच पसंतीच्या डिस्क चालतील असं ठरवलं, गिऱ्हाइकं बिथरली, आणि ऑक्टोबरात त्यांना बरंचसं मागं घ्यावं लागलं. तरी मी तयार डबाच घेतला. कारण प्रश्न मी असेपर्यंतचा नव्हता. मी नसताना ताईनं पुस्तिका वाचून डिस्क बदलली पाहिजे. ट्रूनॅस भाच्याला येतं, पण भाचा उद्या कुठल्या देशात असेल हे त्याचं त्याला माहीत नाही.

किल्लीवरून घरात वाद झाला. सगळंच कुलूपबंद करायचं की नाही? डिस्क पूर्ण कुलूपबंद केली आणि पासवर्ड हरवला, तर जाड भिंतीचंच झालं. शंभर वर्षांपूर्वीचं खरेदीखत चोराच्या हाती लागून तो काय करणार आहे? आधारकार्डं, बँकेचे कागद यांचं मात्र भय खरं. म्हणून तेवढ्यापुरता एक बंद फोल्डर, बाकी सगळं उघडं. पासवर्ड अण्णांच्या हिशेबाच्या वहीत शाईनं लिहिला, वही ट्रंकेत ठेवली, ट्रंकेची किल्ली होती तिथेच, देवघरात. भाच्याला हे सांगितलं तेव्हा त्यानं डोक्याला हात लावला.

आता त्या उर्दू कागदांचं. इतवाऱ्यात एक निवृत्त मास्तर आहेत, उस्मानियातून शिकलेल्या पिढीनं शिकवलेले. त्यांच्यासमोर मी स्कॅन टॅबलेटवर उघडला तर त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला आणि म्हणाले, "असल कागद आणा." मूळ कागद खिडकीच्या उजेडात तिरपा धरून त्यांनी शिक्का वाचला, जो माझ्या ६०० डीपीआयमध्ये नुसता डाग होता. मी घरी येऊन तोच शिक्का बाजूनं दिवा लावून पुन्हा स्कॅन केला, तेव्हा कुठे तो डब्यातही वाचता येऊ लागला. कागदात फार मोठं काही नव्हतं. विहिरीवरच्या मोटेची पाळी, दोन चिंचा आणि एक आंबा कुणाच्या वाट्याला, आणि पणजोबांचा अंगठा. मला वाटलं होतं पणजोबा शिकलेले होते. घरात सगळे तसंच म्हणत आले.

तारीख होती बहमन १३४८ फसली. मी डब्याच्या रकान्यात १३४८ टाकलं आणि डब्यानं तो कागद निमूटपणे चौदाव्या शतकात, बहमनी सुलतानांच्या शेजारी नेऊन ठेवला. मास्तरांनी सांगितलं, त्यात ५९० मिळवा. म्हणजे १९३८चा डिसेंबर. त्याच डिसेंबरात उस्मानिया विद्यापीठातली पोरं वंदे मातरम म्हणण्यापायी काढून टाकली जात होती, आणि आमचे पणजोबा चिंचेच्या झाडावर अंगठा करत होते. दोन्ही एकाच रकान्यात नीट बसतात.

कागद संपले, फोटो राहिले. डबा चेहरे ओळखतो. एकदा नाव सांगितलं की बाकीच्या फोटोंत तो चेहरा स्वतः शोधतो. तरण्या माणसांचं त्यानं झटपट केलं. आजीच्या वेळी मात्र अडला. पंचवीस वर्षांची आजी आणि पंचवीस वर्षांची मोठी आत्या ही त्याच्या मते एकच बाई आहे, आणि खरं सांगायचं तर माझ्याही मते. माईला दाखवलं. ती स्क्रीन लांब धरून म्हणाली, "ही आत्या. नाकातली बघ." ताईकडे लातूरच्या डब्यात तोच फोटो, तिनं तो मोठ्या आत्याला व्हिडिओ कॉलवर दाखवला. आत्या आता नव्वदीला टेकली आहे. ती म्हणाली, "मी नव्हंच. अशी साडी मला कुणी घेतलीच नव्हती." माई म्हणते, साडी माझ्या सासूचीच, पण नेसलेली आत्या. आत्या म्हणते, मी वहिनीला सांगून ठेवलंय, पुन्हा विचारू नका. नांदेडच्या डब्यात त्या फोटोखाली आत्या लिहिलंय. लातूरला ताईनं ते बदलून आजी केलं, रात्री डब्यानं पुन्हा आत्या करून टाकलं, आणि सकाळी ताईचा फोन आला, "माझ्या घरातल्या डब्यात हात घालायला तुला कुणी सांगितलं?"